सहा मिनिटं चाळीस सेकंद

आयसीयूच्या इन्चार्ज सिस्टरना सगळे पाठीमागे ‘काटेकोर काकू’ म्हणायचे. त्यांना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर थोडं आवडायचंही. बावीस वर्षं त्या डोक्याला मार लागलेल्या पेशंटांच्या वॉर्डात काम करत होत्या. कुणाची मान उशीवर जराशी एका बाजूला कलली, श्वासाच्या नळीची पट्टी गळ्याभोवती थोडी जास्त आवळली गेली, पलंगाचं डोकं हवं त्यापेक्षा खाली आलं, तर त्यांना ते दारातूनच दिसायचं. मग त्या बोलायच्या. फार नाही, पण ऐकणाऱ्याला दोन दिवस पुरेल एवढं.

त्या फरशीवाल्याला आणलं तेव्हाही त्यांनी स्वतः पुढे होऊन सगळं लावून घेतलं होतं. चाळिशीचा कारागीर. एका नव्या इमारतीत जिन्याजवळ फरशी बसवत होता. कठडा अजून लागला नव्हता. गुडघ्यांवर मागे सरकता सरकता तो अख्खा एक मजला खाली गेला. डोक्यातली रक्ताची गाठ काढायला ऑपरेशन करावं लागलं. पडल्यावर त्याला उलटी झाली होती आणि त्यातलं थोडं फुफ्फुसात गेलं होतं, त्यामुळे व्हेंटिलेटरवरही त्याला ऑक्सिजन जास्तच लागत होता. डोक्यातला दाब कळावा म्हणून कवटीतून एक बारीक तार आत बसवली होती, आणि तिचा आकडा पडद्यावर सारखा दिसायचा. वीसच्या आत असला की सगळ्यांचा जीव भांड्यात.

त्याची बायको घरी दप्तरं शिवायची. बोटांना सुईचे घट्टे. दुसऱ्या दिवशी तिने काकूंना गाठलं.

“सिस्टर, ऑपरेशन झालं म्हणजे आता धोका टळला ना?”

काकूंनी तिला बाकावर बसवलं. हे त्या प्रत्येक घरच्या माणसाला सांगायच्या, आणि चांगलं सांगायच्या.

“हे बघा, पहिला मार बसला तो तिकडे, जिन्यात. तो आता कुणालाच पुसता येणार नाही. पण मेंदू सुजतो, आणि कवटी काही त्याच्याबरोबर मोठी होत नाही. आत दाब वाढतो, रक्त पोचत नाही. त्यात ऑक्सिजन कमी पडला, बीपी घसरलं, ताप चढला, तर मेंदूचा जो भाग वाचला असता तोही हातचा जातो. तो दुसरा मार. तो इथे बसतो, या पलंगावर. तो बसू द्यायचा नाही, यासाठी आम्ही आहोत.”

“म्हणजे आता सगळं तुमच्या हातात.”

“आमच्या हातात आहे तेवढं आम्ही सोडत नाही,” काकू म्हणाल्या.

बाईला ते इतकं पटलं, की भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती हेच सांगू लागली. दीर आला, दिराला. शेजारीण आली, शेजारणीला. “ह्या सिस्टर आहेत ना, त्या दुसरा मार बसू देत नाहीत.”

तिसऱ्या दिवशी सकाळी अकराला त्याचा पुन्हा सीटी स्कॅन करायचा होता. स्कॅनची खोली तळमजल्यावर, आयसीयू चौथ्यावर. सोबत डॉक्टर जाणार होते, पण ऐन वेळी शेजारच्या बेडवरचा पेशंट बिघडला. “तुम्ही व्हा पुढे, मी आलोच,” म्हणून ते तिकडे धावले. काकू आहेत म्हटल्यावर त्यांनीही फार विचार केला नाही.

वॉर्डातल्या मामांनी ट्रॉली आणली. निवृत्तीला वर्ष उरलेलं, गुडघे बोलायला लागलेले, पण ट्रॉली अशी न्यायचे की पेशंटच्या अंगावरची चादर हलायची नाही. त्यांनी ऑक्सिजनच्या सिलिंडरवर वाकून बघितलं.

“बाई, काटा पावावर आलाय. भरलेला घेऊन येऊ का? खालून आणावा लागेल, दहा मिनिटं जातील.”

स्कॅनवाल्यांचे दोन फोन येऊन गेले होते. काकूंनी घड्याळाकडे बघितलं.

“राहू द्या मामा. जाऊन येऊन पंधरा मिनिटं. पुरेल.”

मामांनी ट्रॉली ढकलायला घेतली. एरवी याच काकूंनी पाव सिलिंडरवर पेशंट हलवणाऱ्या सिस्टरला उभं-आडवं घेतलं असतं.

खाली गेल्यावर कळलं की अपघाताचा एक पेशंट आधी आत घेतलाय. पंचवीस मिनिटं पॅसेजमध्ये उभं राहावं लागलं. त्या पॅसेजमध्ये भिंतीला ऑक्सिजनची जोडणी नव्हती. स्कॅनच्या खोलीत होती, पण पाच मिनिटांच्या कामासाठी नळी कुठे बदलत बसायची, असं काकूंना वाटलं. तेव्हाही त्यांनी काट्याकडे बघितलं नाही.

परतताना, लिफ्टमध्ये, छोट्या व्हेंटिलेटरची शिट्टी वाजली. मग तो थांबलाच. फरशीवाल्याची छाती खाली गेली, ती वर येईना.

“सिलिंडर संपला,” मामा म्हणाले.

हाताने दाबायची बॅग ट्रॉलीखाली होती, दोन ब्लँकेटांच्या मागे. काकूंनी ती ओढून काढली, नळीला लावली, दाबू लागल्या. पण बॅगेत ऑक्सिजन कुठला? बाहेरची साधी हवा जात होती, आणि त्याच्या फुफ्फुसांना ती पुरत नव्हती. ऑक्सिजनचा आकडा नव्वदच्या खाली आला. ऐंशीच्या. सत्तरच्या. लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर थांबली, दार उघडलं, दोन माणसं आत यायला बघत होती. मामा त्यांच्यावर इतक्या जोरात ओरडले की ती मागच्या मागे सरली. चौथ्या मजल्याचा पॅसेज मामांनी त्या गुडघ्यांवर अक्षरशः पळत पार केला. पलंगाजवळ पोचल्यावर भिंतीतला ऑक्सिजन जोडला, आणि आकडा हळूहळू वर चढू लागला.

पाच मिनिटांत काकूंनी सगळं सरळ केलं. मान मधोमध, पलंगाचं डोकं वर, औषधांचे पंप जागच्या जागी. कोणी आत आलं असतं तर काही घडलंय असं त्याला वाटलंच नसतं. मग त्या चार्ट भरायला बसल्या. पेन हातात धरून जरा थांबल्या. ‘परतताना ऑक्सिजन अल्पकाळ कमी. बॅगने लगेच सुधारला.’ त्यांचं अक्षर नेहमीसारखंच सुबक आलं.

दुपारी चारला डोक्यातला दाब वीसच्या वर गेला. मग सव्वीस. मग एकतीस. मोठे डॉक्टर आले. हळू आवाजाचा माणूस, कधी चिडताना कुणी पाहिला नव्हता. सकाळचा स्कॅन त्यांनी दोनदा बघितला.

“स्कॅन तर बरा आहे. मग एवढा का वाढतोय? नेताना-आणताना काही झालं होतं का?”

“विशेष काही नाही, सर,” काकू म्हणाल्या. “सिलिंडर संपला होता. मामांनी भरलेला आणला नव्हता.”

“किती वेळ कमी होता ऑक्सिजन?”

“मिनिटभर. जेमतेम.”

मामा दाराशी मळक्या चादरी गोळा करत उभे होते. त्यांनी मान वर करून काकूंकडे बघितलं आणि पुन्हा चादरी उचलायला लागले.

“मिनिटभराने इतकं होणार नाही,” डॉक्टर स्वतःशीच म्हणाले. “म्हणजे पुन्हा कुठेतरी रक्त साठत असणार.”

त्या एका शब्दावर विसंबून त्यांनी संध्याकाळी दुसरा स्कॅन करायला लावला. सुजलेल्या, दाब वाढलेल्या मेंदूचा तो माणूस पुन्हा चार मजले खाली, पुन्हा वर. या वेळी डॉक्टर सोबत होते आणि दोन भरलेले सिलिंडर. नवीन रक्तस्राव निघाला नाही. फक्त सूज वाढली होती. काकूंना त्याचं कारण ठाऊक होतं, आणि त्या तिथेच उभ्या राहून डॉक्टरांच्या हातात फाईल देत होत्या.

सिलिंडर संपला, ही गोष्ट मेट्रनपर्यंत गेली. आठवड्याभरात मामांना आयसीयूतून काढून कपड्यांच्या स्टोअरमध्ये पाठवलं. मेट्रननी विचारलं तेव्हा ते एवढंच म्हणाले होते, “बाईंना विचारा.” आणि बाईंना विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या, “सिलिंडर आणायचं काम त्यांचंच असतं.” यात एकही शब्द खोटा नव्हता. काकूंनी ते वाक्य घरी जाताना बसमध्ये पुन्हा पुन्हा तपासून बघितलं, आणि दर वेळी त्यांची कानशिलं तापली.

घरी नवऱ्याच्या लक्षात आलं.

“भाजीत मीठ नाहीये,” तो म्हणाला.

“मग घाल ना.”

“घालतो. पण तू तीन दिवस घालत नाहीयेस, म्हणून विचारतोय. काय झालंय?”

“काही नाही. पाय दुखतात.”

त्याने गरम पाण्याची बादली आणून दिली. काकू त्यात पाय सोडून बसल्या, आणि त्यांना त्या गरम पाण्याचीसुद्धा लाज वाटली.

तिकडे फरशीवाल्याची बायको काकूंची पाठ सोडेना. पलंगाचं डोकं किती वर ठेवायचं, ते तिने शिकून घेतलं होतं. मान वळली तर ती हात लावायची नाही, सिस्टरला हाक मारायची. मोठ्याने बोलायची नाही. दाबाचा आकडा उतरू लागला तेव्हा तिने काकूंचे दोन्ही हात धरले.

“तुम्ही नसता तर काय झालं असतं हो माझ्या माणसाचं!”

काकूंनी हात सोडवून घेतले. “ग्लोव्ह्ज घालायचेत,” म्हणाल्या.

तेराव्या दिवशी त्याने डोळे उघडले. दोन दिवसांनी नळी निघाली. बायकोला ओळखलं, हात-पाय हलवले. अख्ख्या आयसीयूत आनंद झाला. मग तो म्हणाला, “मी जेवलो का?”

“आत्ताच तर खिमट भरवलं,” बायको हसून म्हणाली.

पाच मिनिटांनी तो म्हणाला, “मी जेवलो का?”

पहिले दोन दिवस सगळ्यांनी ते हसण्यावारी नेलं. मग बायको हसायची थांबली. जुनं सगळं त्याला आठवत होतं. कोणत्या फरशीला किती माल लागतो, लग्नात कुणी भांडण काढलं, सगळं. पण नवं काही टिकेना. सकाळी येऊन गेलेल्या भावाबद्दल दुपारी विचारलं, तर त्याच्या लेखी तो आलाच नव्हता. मोठे डॉक्टर तिला म्हणाले, “पडण्याचा मार मोठा होता. काही अंशी सुधारेल. वेळ लागेल.”

काकू औषधांच्या ट्रॉलीशी पाठ करून उभ्या होत्या. बावीस वर्षांत त्यांनी वाचलं होतं, शिकवलंही होतं, की ऑक्सिजन तुटला तर आठवणीचा भाग लवकर दगावतो. आपण कितीदा तरी हे फळ्यावर लिहिलंय, हे त्यांना आठवलं.

त्या दुपारी त्यांनी एक गोष्ट केली जी त्या इतके दिवस टाळत होत्या. स्कॅनला नेताना वापरलेला छोटा मॉनिटर कपाटातून काढला. जुने आकडे तो साठवून ठेवतो. त्यांनी ती तारीख काढली. मनात त्यांनी तीन-चार मिनिटं धरली होती. डॉक्टरांना एक सांगितलं, खरी चार असतील, असा आतला हिशोब. पडद्यावर आलं: नव्वदच्या खाली, सहा मिनिटं चाळीस सेकंद. सगळ्यात कमी एकसष्ट. त्याच वेळात बीपीही घसरलेलं. ते तर त्यांनी बघितलंही नव्हतं.

त्यांनी प्रिंट काढली आणि स्टोअरकडे गेल्या.

मामा चादरींच्या घड्या घालत होते. दहा-दहाचे गठ्ठे, कडा सरळ.

“मामा, माझं चुकलं.”

“कशाबद्दल म्हणताय, बाई?”

“तुम्ही विचारलं होतं, दुसरा आणू का म्हणून. मी नको म्हटलं. आणि वर तुमच्यावर ढकललं.”

मामांनी हातातली घडी पुरी केली, गठ्ठ्यावर ठेवली.

“मी त्याच दिवशी बोललो असतो,” ते म्हणाले. “पण वाटलं, बाई स्वतःच सांगतील. बाईंची ख्याती आहे ना. मग एक दिवस गेला, दुसरा गेला. नंतर बोललो असतो तर लोक म्हणाले असते, म्हातारा स्वतःची कातडी वाचवतोय.”

“मला माफ करा.”

“माफी घेऊन मी काय करू? इथे मुली मला विचारतात, मामा, तुमच्यामुळे पेशंट गेला का हो? गेला नाही, म्हणून सांगत बसतो. तुम्ही तो कागद बदला. माफीचं नंतर बघू.” आणि ते पुढची चादर झटकायला लागले. दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं. काकूंनी धरलं. मामांनी धरू दिलं, पण त्यांच्याकडे बघितलं नाही.

मोठ्या डॉक्टरांनी प्रिंट वाचली, चष्मा काढला, पुन्हा घातला.

“सिलिंडर कुणाचाही संपू शकतो,” ते म्हणाले. आवाज नेहमीसारखाच हळू, आणि त्यामुळेच ऐकवत नव्हता. “माझाही संपलाय एकदा. पण मी तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही मिनिट म्हणालात म्हणून मी रक्त शोधत बसलो. खरं कळलं असतं तर त्याला संध्याकाळी हलवलं नसतं. लगेच वेगळं काहीतरी केलं असतं. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी मॉनिटर उघडून बघितला असता, सिस्टर. तुम्ही सांगितलंत म्हणून नाही बघितला.”

काकूंना वाटलं, ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

“घरच्यांना सांगावं लागेल,” ते म्हणाले. “मी सांगतो.”

“नाही सर. मी सांगते. तुम्ही सोबत बसा.”

भेटीच्या छोट्या खोलीत तिघं बसली. बायकोला वाटलं, घरी सोडायची तारीख सांगणार. तिने पिशवीतून वही-पेनसुद्धा काढलं. काकूंनी पाठ करून आणलेली वाक्यं होती, ती पहिल्यालाच विस्कटली. तरी त्यांनी सगळं सांगितलं. काटा पावावर होता. मामा दुसरा आणतो म्हणाले होते. मी नको म्हटलं. सहा मिनिटं चाळीस सेकंद. आणि मी एक मिनिट सांगितलं.

बाईने पेनाला टोपण लावलं.

“तेव्हा त्यांना कळत होतं का? जीव घाबरला असेल का त्यांचा?”

“नाही. झोपेचं औषध चालू होतं. त्यांना काही कळलं नाही.”

“आणि हे जे विसरतात, ते त्यामुळे?”

काकूंनी डॉक्टरांकडे बघितलं नाही. “सांगता येत नाही. पडण्यामुळेही असेल. पण त्यामुळे असू शकतं. नाही, असं मी म्हणू शकत नाही.”

“मी सगळ्या गावभर सांगत फिरले,” बाई म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. “तुमचं नाव घेऊन. दुसरा मार बसू देत नाहीत म्हणून. तुम्ही ऐकत होतात. एकदा तर मी तुमच्यासमोर माझ्या दिराला सांगितलं. तुम्ही तिथेच उभ्या होतात.”

“हो.”

“कसं उभं राहवलं हो तुम्हाला?”

काकूंची मान खाली गेली. बाईने वही पिशवीत टाकली आणि उठली.

“उद्यापासून त्यांच्या पलंगाजवळ येऊ नका,” दारातून ती म्हणाली.

काकू गेल्या नाहीत. चार दिवसांनी त्याला वॉर्डात हलवलं, पुढे घरी सोडलं. त्या वेळी त्या मुद्दाम मागच्या जिन्याने गेल्या.

मेट्रनसमोर त्यांनी सगळं लिहून दिलं. मामांच्या कागदावरचा शेरा निघाला आणि त्यांना परत बोलावलं गेलं. मामा म्हणाले, स्टोअरच बरं आहे, गुडघ्यांना बसून काम मिळतं. मात्र शेरा काढल्याच्या पत्राची प्रत त्यांनी मागून घेतली, आणि स्टोअरच्या दारावर आतल्या बाजूने चिकटवली. काकूंचं इन्चार्जपद गेलं. नव्या इन्चार्जच्या हाताखाली त्या तोच वॉर्ड करू लागल्या. त्यांना कुणी टाकून बोललं नाही. पूर्वी त्यांच्या बोलण्याला टरकणाऱ्या मुली आता त्यांच्याशी जपून, जरा जास्तच गोड बोलायच्या. त्यापेक्षा पाठीमागचं नाव परवडलं असतं.

रात्री नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “शेवटी सांगितलंस ना.” काकूंना ते लागलं. शेवटी. त्या ‘शेवटी’च्या आत सतरा दिवस होते.

अडीच महिन्यांनी एका सकाळी बाह्यरुग्ण विभागाच्या पॅसेजमध्ये त्यांना हाक आली. हाक म्हणजे नुसतं, “सिस्टर.”

फरशीवाल्याची बायको होती. नवरा शेजारी खुर्चीत, केस पुन्हा वाढलेले, शर्टाची इस्त्री नीट. त्याने काकूंकडे बघून छान हसून मान हलवली, अनोळखी माणसाला हलवतात तशी.

“बरे आहेत?” काकूंनी विचारलं.

“अंगाने बरे आहेत. कामावर दोन दिवस नेऊन बघितलं. हात चालतो. पण कुठली खोली झाली, कुठली राहिली, कळत नाही. एकच खोली दोनदा मोजतात.” ती थांबली. “डॉक्टर आत्ता पाच मिनिटं भेटतील. मला विचारायचंय ते त्यांत मावणार नाही.”

“विचारा.”

बाईने वही काढली. आणि विचारू लागली. गॅसपाशी एकटं सोडावं का. तोच प्रश्न विसाव्यांदा आला तर उत्तर द्यावं की रागवावं. भिंतीवर लिहून ठेवलं तर उपयोग होतो का. दुपारी झोपू द्यावं का. डोकं दुखतं म्हणाले तर कशाला घाबरायचं आणि कशाला नाही.

काकूंनी एकेकाचं उत्तर दिलं. रागवू नका, दर वेळी तेच उत्तर, त्याच शब्दांत. रोजचं काम रोज त्याच क्रमाने. झालेल्या खोलीच्या दारावर त्यांनी स्वतःच खडूने खूण करायची, दुसऱ्याने नाही. उलटीसकट दुखलं, किंवा झोपेतून उठवता येईना, तर एक क्षण थांबायचं नाही. जिथे त्यांना माहीत नव्हतं तिथे त्या म्हणाल्या, “हे मला माहीत नाही. हे डॉक्टरांनाच विचारा.” बाई लिहीत होती. दोनदा तिने वाक्य पुन्हा म्हणायला लावलं.

नंबर पुकारला गेला. ती उठली, नवऱ्याच्या कोपराला हात लावला.

“कोण होत्या त्या?” त्याने जाता जाता विचारलं.

“सिस्टर आहेत,” ती म्हणाली.

तिने आभार मानले नाहीत, मागे वळून बघितलं नाही. काकू वॉर्डाकडे निघाल्या.